नारोशंकराची घंटा आधी कुणाला हाक मारत होती?

एखाद्याचा आवाज खणखणीत असला की आपल्याकडे म्हणतात, "काय नारोशंकराची घंटा आहे का!" बांधावरून हाक मारली तर चार वावरं पलीकडे ऐकू जावी, असा एक तरी गडी प्रत्येक गावात असतोच. त्याचं हे नाव ठरलेलं. पण शेतकरी बंधूंनो, ज्या घंटेवरून हे नाव पडलं ती मुळात कुठली, हे विचारलं तर दहातले आठ जण गप्प बसतील.

नाशिकला गोदाकाठी, रामकुंडापासून जवळच, नारोशंकराचं देऊळ आहे. सरदार नारोशंकर राजेबहाद्दरांनी ते १७४७ साली बांधलं. त्याच्या आधी आठ वर्षं, १७३९ च्या मे महिन्यात, चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून घेतला. त्या विजयाची खूण म्हणून वसईकडच्या चर्चमधल्या घंटा उतरवल्या गेल्या आणि मराठी मुलखातल्या देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकची घंटा त्यातलीच. भीमाशंकरला देवळाच्या आवारात आहे, तीही त्यातलीच. वाईजवळ मेणवलीला नाना फडणीसांच्या वाड्यामागे कृष्णेचा सुंदर घाट आहे. 'स्वदेस' सिनेमा पाहिलेल्यांना तो ओळखीचा वाटेल. तिथंही घाटावर एका लहानशा इमारतीत अशीच मोठी घंटा आहे. तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला घेतलेल्या मरियेची आकृती ओतलेली दिसते. येणारे लोक घंटेला हात लावून पाया पडतात. कुणाला त्या आकृतीत माय-लेकरू दिसतं, कुणाला देवी दिसते.

वसईच्या विजयाची गोष्ट आपण शाळेत शिकलो. घंटा कुणी आणल्या, तेही थोडंफार माहीत असतं. पण या घंटा जिथं पहिल्यांदा टांगल्या गेल्या तिथं त्यांचं काम काय होतं, त्या वाजल्या की तिथल्या माणसाच्या मनात काय येत होतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. आज तेवढंच बघू.

आधी आपल्या देवळातलं घ्या. आपण पायरी चढतो, हात वर करतो, टोला देतो आणि आत जातो. "देवा, मी आलोय," एवढाच त्याचा अर्थ. पूजेच्या सुरुवातीला भटजी हातातली घंटी वाजवतात ती देवांनी यावं आणि राक्षसांनी निघून जावं म्हणून. म्हणजे आपली घंटा जो येतो तो वाजवतो, आणि ती देवाला ऐकवतो.

चर्चमधली मोठी घंटा याच्या उलट. येणारा भाविक तिला हात लावत नाही. ती उंच मनोऱ्यात असते, तिचा दोर खाली आलेला असतो आणि तो ओढणारा नेमलेला एकच माणूस असतो. ती वाजते ती देवासाठी नव्हे, माणसांसाठी. त्यातही चर्चमध्ये येऊन बसलेल्यांसाठी फारशी नाही, त्यांना घंटेची गरज काय? ती वाजते बाहेरच्यांसाठी. शेतात, खाडीवर, गुरांमागे, चुलीपुढे असलेल्यांसाठी. आपल्याकडच्या कोतवालाची दवंडी आठवा. ज्याला चावडीवर यायला जमलं नाही त्याच्यापर्यंत चावडीच चालत जायची. घंटेचं तसंच आहे.

शेतात थांबायची वेळ

कॅथलिक पंथात दिवसातून तीन वेळा, म्हणजे पहाटे, दुपारी बाराला आणि संध्याकाळी, एका ठरावीक पद्धतीनं घंटा वाजते. तीन टोल, मग थोडं थांबायचं. पुन्हा तीन, पुन्हा थांबायचं. पुन्हा तीन, आणि मग लांब घंटानाद. त्या तीन-तीन टोलांच्या मधल्या शांततेत एक लहानशी प्रार्थना म्हणायची असते. तिला लॅटिन भाषेतल्या पहिल्या शब्दावरून 'आंजेलुस' म्हणतात, म्हणजे देवदूत. देवदूतानं मरियेला निरोप दिला, तिनं तो मान्य केला आणि देव माणसात आला, या तीन गोष्टींची ती आठवण आहे. प्रार्थना दोन-तीन मिनिटांची. तिच्यासाठी चर्चमध्ये जावं लागत नाही. जिथं असाल तिथं थांबायचं.

तीनही वेळांची चाल एका दिवसात पडलेली नाही. संध्याकाळची घंटा जुनी. दुपारच्या घंटेच्या मागे लढाईची गोष्ट आहे. १४५६ साली तुर्की फौज बेलग्रेडला वेढा घालून बसली होती, तेव्हा पोप तिसरे कॅलिक्स्टस यांनी घंटा वाजवून सगळ्यांनी प्रार्थना करावी अशी आज्ञा काढली. बेलग्रेड वाचलं. हंगेरीत आजही दुपारच्या घंटेचा संबंध त्याच विजयाशी जोडतात. म्हणजे लढाईची खूण होणं घंटेला काही नवीन नाही.

पण आपल्याला जवळचं वाटेल असं उदाहरण दुसरंच आहे. फ्रान्समध्ये मिले नावाचे चित्रकार होऊन गेले. जन्म शेतकऱ्याच्या घरात, स्वतः शेतात राबलेले. त्यांनी १८५७ ते १८५९ या काळात एक चित्र काढलं, त्याचं नावच 'आंजेलुस'. चित्रात काय आहे? बटाट्याचं वावर. संध्याकाळ झालेली. एक बाई आणि एक गडी मान खाली घालून उभे. त्यानं टोपी काढून हातात धरलीय, तिचे हात जोडलेले. बटाटे उकरायचा काटा जमिनीत तसाच रोवलेला, पायाशी अर्धी भरलेली टोपली, मागे हातगाडीवर पोती. आणि दूर, अगदी क्षितिजावर, चर्चचा बारीकसा मनोरा. घंटा चित्रात कुठंच नाही, पण ती वाजतेय हे बघणाऱ्याला कळतं. मिलेंनी सांगून ठेवलंय की लहानपणी शेतात घंटा ऐकू आली की त्यांची आजी सगळ्यांना काम थांबवायला लावायची आणि मेलेल्या माणसांसाठी प्रार्थना म्हणायला सांगायची. ते चित्र आज पॅरिसच्या ओर्से संग्रहालयात आहे.

मला त्या चित्रातला रोवलेला काटा फार बोलका वाटतो. काम पुरं झालेलं नाही. टोपली भरलेली नाही. तरी थांबलेत. मजुरीवर जाणाऱ्याला विचारा, दिवसातून तीन वेळा कुणी हक्कानं "थांब" म्हणणारं असणं ही किती मोठी गोष्ट आहे. भोंगा कामावर बोलावतो. ही घंटा कामातून दोन मिनिटं सोडवते.

गोव्यातल्या अनेक गावांत संध्याकाळच्या घंटेला घरातली माणसं बोलणं थांबवून उभी राहतात, मग मुलं मोठ्यांचा आशीर्वाद मागतात. आपल्याकडे दिवेलागणीला "शुभं करोति" झालं की मुलं मोठ्यांच्या पाया पडायची, तीच वेळ आणि जवळपास तीच चाल. रात्री आठच्या सुमाराला आणखी एक घंटा असते, ती मृतांसाठी.

कोण गेलं, हे टोलांवरून

गावात कुणी गेलं की घंटा संथ वाजते. एक टोल, मग बराच वेळ काही नाही, मग दुसरा. इंग्लंडच्या खेड्यांतली जुनी रीत ऐकण्यासारखी आहे. तिथं पुरुष गेला असेल तर तीन वेळा तीन टोल, बाई गेली असेल तर तीन वेळा दोन. मग थोडं थांबून, गेलेल्याचं जेवढं वय तेवढे टोल. नांगरावरचा माणूस बैल किंवा घोडा थांबवून मोजत उभा राहायचा. पुरुष... साठ... एकसष्ट... बासष्ट... आणि गावात बासष्ट वर्षांचं कोण आजारी होतं हे त्याला ठाऊकच असायचं. निरोप्या पाठवायची गरज नाही. वाईट बातमी, पण ती साऱ्या गावाला एकाच वेळी कळायची. सावकाराला आधी आणि सालगड्याला नंतर, असं नाही.

ही रीत नुसती कळवण्यापुरती नव्हती. ऐकणाऱ्यानं गेलेल्या जिवासाठी प्रार्थना करायची, हा तिचा खरा हेतू. आणि स्वतःचीही पाळी येणार आहे, हे ध्यानात ठेवायचं.

गारपीट आणि घंटा

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षवाल्यांनी हे जरूर वाचावं. युरोपातल्या शेतकऱ्याची पक्की समजूत होती की आभाळ काळं झालं, विजा चमकू लागल्या की घंटा वाजवायची, म्हणजे गारा पळतात. ही नुसती बायाबापड्यांची समजूत नव्हती. नवी घंटा मनोऱ्यात चढवण्याआधी बिशप तिला आशीर्वाद देत, त्या जुन्या विधीतच तिच्या आवाजानं वादळ, वीज, गारा आणि दुष्ट शक्ती दूर पळोत अशी मागणी होती. पूजेच्या घंटीनं राक्षस पळावेत असं आपण म्हणतोच ना? कितीतरी जुन्या घंटांवर लॅटिनमध्ये कोरलेलं असायचं, त्याचा मतलब असा की ही घंटा जिवंतांना बोलावते, मेलेल्यांसाठी रडते आणि विजेला मोडते.

पहिली दोन कामं तिनं चोख केली. तिसऱ्यानं घात केला. गावातली सगळ्यांत उंच जागा म्हणजे चर्चचा मनोरा, वर धातूचा ढीग, खाली पावसानं भिजलेला दोर आणि तो धरून उभा असलेला माणूस. अठराव्या शतकात एका जर्मन लेखकानं हिशेब मांडला होता. ३३ वर्षांत ३८६ मनोऱ्यांवर वीज पडली आणि १०३ घंटा वाजवणारे मेले. मग ठिकठिकाणी सरकारांनी वादळात घंटा वाजवायला बंदी केली. लोकांनी ती लगेच पाळली असं मात्र नाही. गारपिटीच्या दिवसांत आपणही हाताला लागेल ते करतोच, तेव्हा त्यांना हसायचा आपल्याला हक्क नाही.

विधीचा उल्लेख आला म्हणून थोडं सांगतो. घंटेला आतून-बाहेरून पवित्र केलेल्या पाण्यानं धुवायचं, पुसायचं, बाहेरून सात ठिकाणी आणि आतून चार ठिकाणी पवित्र तेलानं क्रूस काढायचे, मग खाली धूप जाळून तिच्या पोटात धूर भरायचा. आणि एखाद्या संताचं नाव द्यायचं. लोक त्याला सरळ घंटेचा बाप्तिस्मा म्हणत. चर्चच्या मते तो बाप्तिस्मा नव्हे, आशीर्वाद. पण नाव ठेवलं, न्हाऊ घातलं, तेल लावलं, म्हटल्यावर लोक बारसं म्हणणारच! गेल्या शतकात हा विधी बराच सुटसुटीत झाला.

तेराव्या शतकात द्युरांद नावाच्या फ्रेंच बिशपांनी चर्चमधल्या एकेका वस्तूचा अर्थ लिहून ठेवला. त्यांच्या मते घंटा म्हणजे उपदेश करणारा. आतला लोलक ही त्याची जीभ. ती दोन्ही बाजूंना आदळते, कारण बायबलचे जुना आणि नवा करार असे दोन भाग, आणि दोन्ही तिनं बोलते केले पाहिजेत. टोला आधी घंटेच्या स्वतःच्या अंगावर बसतो, तसा उपदेशकानं पहिला टोला स्वतःच्या दुर्गुणांवर मारावा. आणि ज्याला चांगलं बोलता येत नाही असा धर्मगुरू म्हणजे लोलक नसलेली घंटा. हे आपल्या काही पुढाऱ्यांनाही लागू आहे, फक्त त्यांच्यात लोलकाची कमी नसते, पहिल्या टोल्याची असते.

वर्षात दोन दिवस मात्र घंटा मुकी असते. येशूला क्रूसावर दिलं तो शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. त्याच्या आदल्या गुरुवारच्या मिस्सेत घंटा एकदा जोरात वाजते आणि मग गप्प होते, ती थेट ईस्टरच्या रात्री पुन्हा बोलते. मधल्या वेळात काम पडलं तर लाकडी खुळखुळा वाजवतात. रोज ऐकू येणारा आवाज बंद झाला की घरातलं माणूस गेल्यासारखी पोकळी वाटते, आणि तेच त्यातून सांगायचं असतं.

भीतीची घंटा

आता दुसरी बाजू. ती झाकून ठेवली तर लेख खोटा ठरेल. जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या मनोऱ्यात जी घंटा आहे तिला आवाजामुळे 'सोन्याची घंटा' म्हणतात. गोव्यातली ती सर्वांत मोठी. १६५२ साली ती कुंकळ्ळी गावात ओतली गेली. याच कुंकळ्ळीच्या लोकांनी १५८३ मध्ये देवळं पाडणाऱ्यांविरुद्ध हत्यार उचललं होतं, आणि त्यांच्या म्होरक्यांना बोलणी करायला बोलावून ठार मारण्यात आलं. पुढे धर्मसमीक्षण सभेच्या, म्हणजे इन्क्विझिशनच्या, शिक्षा जाहीरपणे सुनावल्या जात, तेव्हा हीच सोन्याची घंटा वाजायची. गोव्यात ही सभा १५६० ते १८१२ पर्यंत, मधली थोडी वर्षं सोडली तर, चालू होती. ज्या आवाजानं कुणाचं मन शांत व्हायचं, त्याच आवाजानं कुणाच्या पोटात गोळा यायचा. घंटेचा अर्थ दोर कुणाच्या हातात आहे यावरही ठरतो.

म्हणूनच १७३९ साली त्या घंटा खाली उतरवताना मराठ्यांना काय वाटलं असेल, हे समजू शकतं. पण त्यांनी त्यांचं पुढे काय केलं, ते जगाच्या तुलनेत बघा. घंटेचा धातू म्हणजे सुमारे चार भाग तांबं आणि एक भाग कथील. तोफेलाही हेच धातू लागतात, प्रमाण वेगळं. त्यामुळे युद्धात घंटांवर पहिली नजर जाते. रशियाच्या पीटर बादशहानं १७०० साली नार्वाची लढाई हरल्यावर स्वतःच्याच देशातल्या चर्चच्या घंटा वितळवून तोफा ओतल्या. दुसऱ्या महायुद्धात नाझींनी युरोपभरच्या सुमारे पावणेदोन लाख घंटा उतरवल्या, त्यातल्या दीड लाखाच्या आसपास नष्ट झाल्या. स्पेनमध्ये ९९७ साली अल्मन्सूरनं सांतियागोच्या घंटा कोर्दोब्याला नेल्या आणि मशिदीत त्यांचे दिवे केले. २३९ वर्षांनी शहर परत जिंकल्यावर त्या माघारी नेण्यात आल्या.

मराठ्यांना तोफांचा धातू नको होता असं नाही. तरी एवढ्या घंटा त्यांनी देवापुढे टांगल्या. त्यांवरचा क्रूस घासून काढला नाही, मरियेला छिन्नी लावली नाही. देवापुढे वाजवायची वस्तू देवापुढेच वाजत ठेवली. ही गोष्ट विजयाइतकीच सांगण्यासारखी आहे, पण आपण ती सांगत नाही.

मॉस्कोच्या दानिलोव मठाच्या घंटा एका अमेरिकन माणसानं विकत घेऊन १९३० साली हार्वर्ड विद्यापीठात नेल्या, त्यामुळे त्या भट्टीतून वाचल्या. २००८ मध्ये त्या मठात परत गेल्या. मग आपल्याकडच्या वसईच्या घंटाही परत द्याव्यात का? माझं मत विचाराल तर, नाही. पावणेतीनशे वर्षांहून जास्त काळ त्या इथल्या झाल्यात, नारोशंकराची तर म्हण झाली. पण त्या कुणाच्या होत्या हे माहीत असणं आणि वसईहून कुणी बघायला आला तर त्याला मोकळेपणानं हात लावू देणं, एवढं तर आपण करू शकतो. त्याच्या पणजोबाच्या पणजोबाचा बाप्तिस्मा, लग्न, मयत या घंटेनं गावाला सांगितलं असेल.

सरपंच, पोलीस पाटील आणि देवस्थानच्या पंचांना एक सांगणं आहे. तुमच्या देवळात अशी जुनी घंटा असेल, क्रूस, लॅटिन अक्षरं किंवा जुनं साल दिसत असेल, तर तिला ऑइलपेंट फासू नका. दर सणाला चिंच आणि राखेनं घासघासून कडा व अक्षरं झिजतात, त्यापेक्षा ओल्या फडक्यानं पुसा. लोलक तुटला तर लोखंडी हातोड्यानं किंवा दगडानं वाजवू नका. हा धातू ठिसूळ असतो, कपचा उडतो. तडा दिसला तर गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे मुळीच नेऊ नका. अक्षरांवर पातळ कागद ठेवून वरून शिसपेन्सिल आडवी फिरवा, ठसा स्वच्छ उठतो. तोंडाचा घेर आणि उंची मोजा, चारी बाजूंनी फोटो काढा आणि हे सगळं देवस्थानच्या दप्तरात तारखेसह नोंदवून ठेवा. तांब्याचा भाव तुम्हाला माहीत आहे, तो चोरालाही माहीत असतो. घंटा गेलीच तर पोलिसांपुढे ठेवायला हा कागद लागेल.